साच्याची भिंत

"सरळ आहे ना, आक्का? एवढंच सांगा."

आक्कांनी भिंतीकडे पाहिलं. मग भिंतीवरून पलीकडे, खाणीच्या पाण्याकडे पाहिलं.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या.

शिवलीलेचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

आक्का गावच्या मठातल्या. गावातले लोक भांडणं, तापलेली पोरं, मोडलेली लग्नं घेऊन त्यांच्याकडे जात, आणि आक्का बहुतेक वेळा गप्प बसत. तरी लोक जात. शिवलीलाही दर सोमवारी जायची. आज मात्र तिने आक्कांनाच घरी आणलं होतं, परसातली भिंत दाखवायला. आशीर्वाद हवा होता, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. खरं तर गुण हवे होते. कॉलेजात फिजिक्स शिकवून आलेल्या बाईची खोड, दुसरं काय.

"एकटीने बांधली, आक्का."

"हं."

"गवंडी नाही, बिगारी नाही. कुणाचा हात म्हणून लागला नाही."

"हं..."

परसाच्या मागे जुनी दगडखाण होती. दगड संपला, माणसं गेली, पाणी राहिलं. लेक, रेवा, चालायला लागली त्या दिवसापासून शिवलीलेच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. नवरा मस्कतला. त्याने फोनवर सांगितलं, गवंडी बघ. गवंडी आज येतो, उद्या येतो, पाडव्यानंतर येतो. शेवटी तिने विटा रचायचा साचा मागवला. पिवळ्या प्लास्टिकची चौकट, सोबत चित्रं काढलेला कागद. रेवाला जुन्या साडीने ओसरीच्या खांबाला बांधून ती कामाला लागली. पोरीला गुरासारखं बांधलंय, लोक काय म्हणतील, हे लोकांच्या आधी तिनेच स्वतःला म्हणून घेतलं.

समोरच्या काशव्वाने सुरुवातीला विचारलं होतं, "माझ्या दिराला पाठवू का गं?"

"नको काशव्वा, जमतंय मला."

पुढे काशव्वाने विचारणं सोडलं. रस्त्यापलीकडून नुसती बघायची.

"हे बघा," शिवलीलेने चौकट उचलून दाखवली. "ही थरावर ठेवायची. आत सिमेंटचा माल भरायचा, वरून थापी फिरवायची, चौकट काढून घ्यायची. माल सगळीकडे सारखा. वर विटा मांडायच्या, की पुढचा थर. चूक करायचं म्हटलं तरी होत नाही."

"चुकायला जागाच नाही?"

"नाही ना!"

"अरेरे," आक्का म्हणाल्या.

ऊन चढत होतं. आक्का जिथे जातील तिथे भिंत बघून, पाठ टेकून बसायच्या. मठात तशा, लग्नघरात तशा. इथेही त्यांनी सावली पाहिली, हात टेकत टेकत खाली बसल्या आणि पाठ मागे नेली.

"आक्का, टेकू नका!"

"का?"

"ओली आहे अजून."

"कधीपासून?"

शिवलीलेने चौकट खाली ठेवली. मागच्या बाजाराच्या आधीपासून भिंतीचं काम थांबलेलं होतं. ती कधीच वाळली होती.

"ओली नाही," ती हळूच म्हणाली. "हलते."

हे ती आजवर कुणालाच बोलली नव्हती. तळवा टेकवला की भिंत किंचित डुलायची, आणि ती हात काढून घ्यायची, जणू हात काढला की डुलणंही गेलं. रेवाला तिने भिंतीला शिवायची बंदी केली होती. आधी खाणीची भीती होती. आता खाणीची होती आणि भिंतीची.

पण आक्कांची पाठ टेकली होती. पाठीमागची विटांची उभी रांग करकरली आणि बाहेरच्या बाजूला कलली.

शिवलीला धावली. भिंतीचं एक टोक अजून मोकळं होतं. तिथून वळसा घालून ती पलीकडे, खाणीच्या बाजूला गेली आणि दोन्ही तळवे, खांदा, गाल, जे होतं ते सगळं भिंतीला लावून उभी राहिली.

भिंत थांबली.

इतक्या जवळून तिने स्वतःचं काम कधी पाहिलं नव्हतं. साच्यात अख्ख्या विटेचंच माप होतं. म्हणून प्रत्येक थर तिने एकाच टोकाकडून अख्ख्या विटेने सुरू केला होता. विटेवर बरोबर वीट, सांध्यावर बरोबर सांधा. वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ. ती रेघ किती छान दिसते, म्हणून तिने फोटो काढून मस्कतला पाठवला होता. आता त्या रेघेतून ऊन येत होतं. भिंत नव्हतीच ती. एकमेकींना न धरता शेजारी उभ्या राहिलेल्या विटांच्या रांगा होत्या.

त्या फटीतून आक्कांचा श्वास ऐकू येत होता.

"आक्का, उठा ना!"

"मला उठवायला दोघी लागतात. ठाऊक आहे तुला."

ठाऊक होतं. मठात रोज दोघीजणी त्यांना बगलेत धरून उठवायच्या.

"मी सोडलं तर ही पडेल. तुम्ही सोबत मागे पडाल."

"मग सोडू नकोस."

तेवढ्यात पैंजण वाजले.

आक्का यायच्या म्हणून शिवलीलेने रेवाला आज सोडलं होतं. आई धावत भिंतीमागे लपली, म्हणजे खेळ. मोकळ्या टोकाशी रेवा उभी होती.

"आई... भो!"

"रेवा, तिथेच थांब. थांब हं, बाळा."

रेवा हसली आणि दोन पावलं पुढे आली. आईकडे नाही. पाण्यावर चतुर उडत होते, तिकडे.

"आक्का, तिला धरा!"

"माझा हात पोचत नाही. तुझा पोचतो?"

"नाही..."

"मग?"

शिवलीलेने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

वर्षभर ती हळू बोलत होती. पोर झोपली असेल म्हणून हळू, फोनवर रड ऐकू जाऊ नये म्हणून हळू. मोठ्याने हाक मारायची म्हणजे काय करायचं, हे घशाला आठवेना.

"काशव्वा..."

विरजण मागावं तसा आवाज.

रेवा खाणीच्या काठच्या गवतात शिरली.

"काशव्वा! काशव्वा गं! माझी पोर...!"

रस्त्यापलीकडे तवा आपटल्याचा आवाज झाला. काशव्वा आली ती भाकरीच्या पिठाने भरलेल्या हातांनीच, चप्पल न घालता. मोकळ्या टोकातून थेट गवतात घुसली आणि रेवाला फ्रॉकला धरून मागे ओढून काखोटीला मारलं.

"अगं बया बया! जीव घेतेस का काय माझा?" ती रेवाला म्हणाली, की तिच्या आईला, कळलं नाही. मग आपल्या घराकडे तोंड करून ओरडली, "जाऊबाई! अहो, या की लवकर! आक्का अडकल्यात!"

जाऊबाई आल्या. रेवाला कडेवर तसंच ठेवून काशव्वाने एक बगल धरली, जाऊबाईंनी दुसरी. आक्का उठल्या आणि चार पावलं लांब गेल्या.

"सोड आता!" काशव्वा ओरडली. "बाजूला हो आणि सोड!"

शिवलीलेने बाजूला होत हात काढले.

एकच रांग पडली. तेवढीच, वरपासून खालपर्यंत, गवतात. तिच्या दोन्ही बाजूच्या रांगा तशाच उभ्या राहिल्या. हलल्यासुद्धा नाहीत.

रेवा टाळ्या वाजवत होती.

"उद्या दिराला आणते," काशव्वा म्हणाली. "सगळी उतरवून परत बांधू. म्हण बघू आता नको."

"नको नाही म्हणणार," शिवलीला म्हणाली. तिने रेवाला घेतलं. छातीशी घट्ट धरलं, आणि मग आपणच पुन्हा काशव्वाच्या हातात दिलं. काशव्वाने तिला कडेवर घेतलं आणि सगळ्यांना चहा टाकते म्हणून पुढे गेली. जाऊबाई मागोमाग गेल्या.

परसात दोघीच उरल्या. आक्का पदराने पाठीवरची विटांची माती झटकत होत्या. हात पोचत नव्हता तिथली शिवलीलेने झटकली.

"आक्का... ती हलते, हे मी सांगायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं?"

"टेकल्यावर कळलं."

"मग तशाच बसून राहिलात? अशा भिंतीला टेकून?"

आक्कांनी चालण्यासाठी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"भिंतीला कोण टेकलं होतं? पलीकडे तू होतीस ना."