म्होरक्याची घंटा

बिशप कसा नेमतात विचारता, तर ऐका. फार मागं एका कळपाचा म्होरक्या मेंढा मेला. डोंगरावरचा चारा संपलेला, घाट उतरायला म्होरक्या हवा. लांब राहणाऱ्या मालक धनगरानं नवा म्होरक्या शोधायला कावळा धाडला. त्यानं एकेकाच्या कानात विचारलं, "कोण बरा? आणि हे बोलू नकोस कुणाला."

तीन नावं निघाली. पहिला बोकड कळपभर मिरवला, "माझी चौकशी चाललीय." ज्याला जीभ आवरेना, तो कळप काय आवरणार? कावळ्यानं नाव खोडलं. दुसरा म्हणाला, "आणा ती म्होरक्याची घंटा, कधीची मान शिवशिवतेय." तोही गेला.

तिसरा काळा मेंढा, लंगड्यांसाठी मागं थांबणारा. कावळा म्हणाला, "घंटा घेशील, बाबा?"

"मग मागच्यांना कोण बघेल?"

"म्हणून तर तुला विचारतोय."

मेंढ्यानं घंटा बांधून घ्यायला मान पुढं केली. सगळा कळप लंगड्यांच्या चालीनं घाट उतरला.