जीपचं लिंबू

इचलकरंजीच्या सुशीलाबाई मगदूम स्वतः जीप चालवत नेपाळात मुक्तिनाथाला निघाल्या होत्या. इथला विमा सरहद्दीपलीकडे चालत नाही, म्हणून त्या वाढीव विमा घ्यायला विमा कंपनीच्या कचेरीत गेल्या. त्यावर सही तिथल्या उपळेकर साहेबांची लागे, आणि साहेबांना सहीपेक्षा उपदेश करायला जास्त आवडे.

गाडीच्या पाहणीसाठी साहेब कचेरीच्या अंगणात आले. जीपच्या पुढे लिंबू-मिरची लोंबत होती.

"हे आधी काढा," साहेब म्हणाले. "असल्या अंधश्रद्धेचा फोटो माझ्या फायलीत लागणार नाही. लिंबू निघाल्याशिवाय सही नाही."

कचेरीतली माणसं बघायला जमली. सुशीलाबाईंनी लिंबाला हात घातला आणि मध्येच थांबल्या.

"काढते की. पण साहेब, तिकडे घाटात गाडीवर दरड कोसळली, तर भरपाई मिळेल ना?"

"नाही. ती दैवी आपत्ती, या वाढीव विम्यात बसत नाही. कागदावर स्पष्ट छापलंय."

"आणि पुरात गाडी वाहून गेली तर?"

"तीही दैवीच. देवाच्या करणीला कंपनी काय करणार?"

सुशीलाबाईंनी लिंबावरचा हात काढून घेतला.

"म्हणजे पैसे द्यायची वेळ आली की तुमचा देवावर विश्वास, आणि मी लिंबू बांधलं की ती अंधश्रद्धा. असं करू साहेब. तुम्ही कागदावरचा देव खोडा, मी जीपवरचं लिंबू काढते."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे, आणि खिशातलं पेन काढून सही केली.

फायलीतल्या फोटोत जीपचा नंबर जरा पुसट आहे. लिंबू मात्र स्वच्छ आलंय.