धोंडाईचं मीठ

फार फार वर्षं झाली त्याला. कोंडशेत गावात धोंडाई नावाची आचारीण होती. नुसत्या वाफेच्या वासावरून ती मीठ ओळखायची आणि तिनं डाव फिरवला की उतू जाणारी आमटी जागच्या जागी थांबायची, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, मी आपली ऐकलेलं सांगते.

तिनं एक बिनआईची पोर वाढवली होती, शेवंती. तिचं लग्न निघालं. आता त्या गावची रीत अशी, की लग्नाच्या आमटीत मीठ घालायचा मान नवरीच्या मामाचा, आणि घालताना मामानं चकार शब्द काढायचा नाही. शेवंतीचे मामा दोन, रावजी आणि भागोजी. बांधावरून भांडलेले. रावजी आला, हंड्यात मीठ ओतून मुकाट गेला. मागून भागोजी आला, त्यानंही तेवढंच ओतलं. विचारतो कोण? बोलणंच बंद!

धोंडाई नवरीला हळद लावून चुलीपाशी आली आणि वास येताच ओरडली,

"अगं बाई, घात झाला! मीठ दुप्पट पडलंय!"

वऱ्हाड वेशीत आलेलं. नवऱ्याचा बाप महा तिरसट, जेवण बिघडलं तर भरल्या मांडवातून वऱ्हाड परत नेणारा. आपल्या पोरीचं लग्न आपल्याच चुलीवर मोडणार, या भीतीनं धोंडाईला रडू फुटलं.

बायका म्हणाल्या, "पाणी ओता."

"मिठाबरोबर चवही जाईल."

"मग घागरभर अळणी आमटी घाला."

"हंडा काठोकाठ भरलाय. आणि एवढ्याशा घागरीनं कितीसा उतरायचा खारटपणा?"

असं म्हणता म्हणता धोंडाई थबकली, आणि डोळे पुसून हसायलाच लागली. "अगं, मीठ दोन हंड्यांचं पडलंय ना? मग आमटी दोन हंडे करू! अर्धी दुसऱ्या हंड्यात काढा, आणि दोन्ही हंडे अळणी आमटीनं भरा."

तेवढा मोठा दुसरा हंडा होता रावजीकडे, आणि डाळ भागोजीकडे. धोंडाईनं दोघांनाही फैलावर घेतलं. भागोजीनं डाळ आणून टाकली. हंडा मात्र एकट्याला उचलेना. दोघांनी वासा घातला, खांद्यावर घेतला. वाटेत हंडा कलंडायला लागला.

"तिरका धर की रे जरा!" रावजी ओरडला.

"दादा, तू आधी वर उचल!"

एवढंच बोलले, पण बोलले.

पंगत बसली. नवऱ्याच्या बापानं आमटी मागून मागून ओरपली. मग शेजारचं गाव जेवलं, वाटसरू जेवले, तरी हंड्यांचा तळ दिसेना, असं म्हणतात. शेवंती सुखानं नांदली.

कोंडशेतात आजही लग्न निघालं की गावात ज्यांचा अबोला आहे अशा दोघांना हुडकून चुलीपाशी आणतात. एकानं मीठ ओतायचं. दुसऱ्यानं बघत उभं राहायचं. आणि दुसरा तोंडानं "बास" म्हणेपर्यंत पहिल्यानं हात थांबवायचा नाही.