तुळसाआईचं मीठ

कुंभेरीच्या पेठेत, या कठड्याच्या आत बुटकी शिळा दिसते ती तुळसाआई. तिच्यापुढे वाहिलेलं मीठ रोज उचलून माझी, इथल्या गुरवाची, बोटं फाटलीत. आजोबांनी सांगितलं तसं सांगतो.

तुळसा बुरुडाची. सुपं विणून पोट भरायची. त्या काळी घाटाखालून बैलांवर मीठ यायचं आणि बाजाराच्या सकाळी पंच दवंडी पिटून भाव सांगायचे. एकदा दवंडी झाली, पैशाला शेर. तुळसानं शेरभर मीठ घेतलं, तर दुकानाच्या शेटनं दोन पैसे घेतले. पोत्याचा खर्च म्हणे. सगळे कुरकुरत देतच होते. ती म्हणाली, "दवंडीत येक सांगितला, तर येकच घ्या. माझा पैसा परत द्या."

"परवडत नसंल तर मीठ ठेव आन् चालती हो," शेट म्हणाला.

"मीठबी नेनार आन् पैसाबी."

ती दुकानाच्या पायरीशी बसली. पैसा मिळेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असा तिनं पण केला. मागची गिऱ्हाइकं वैतागली. "येका पैशापायी कशाला अडून बसलीस? जाऊ दे की, आमाला उशीर व्हतोय." दोन-दोन पैसे देऊन, तिला ओलांडून त्यांनी मीठ नेलं. मला शेटपेक्षा त्यांचाच राग जास्त येतो. आठव्या दिवशी, असं सांगतात, पायरीशी बाई नव्हती, ही शिळा होती. आणि दुकानातल्या सगळ्या मिठाचं पाणी होऊन रस्त्यावर आलं होतं.

पेठ घाबरली. पंचांनी ठरवलं, दवंडीहून जास्त कोणी घेतलं तर गिऱ्हाइकानं शिळेवर हात ठेवून जाब विचारायचा आणि दुकानदारानं जादाचे पैसे तिथंच परत करायचे. काही पिढ्या तसं चाललंही म्हणे. मग व्यापाऱ्यांनीच वर्गणी काढून तिला देवी केली आणि भोवती कठडा घातला. आता तिथवर हात पोचत नाही. जाब विचारायचा राहिला आणि मीठ वाहायचं सुरू झालं.

तुमच्या हातातल्या मिठाच्या पुड्यावरची किंमत वाचलीत? वीस छापलीय. समोरच्या दुकानात तीस घेतले ना? सगळ्यांकडून घेतात. मी येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो, जा, विचारा, तो तुमचा हक्क आहे. आजही लोक तिच्यापुढे हात जोडतात आणि मला सांगतात, "जाऊ दे हो गुरवकाका, दहा रुपयांसाठी कुठं अडून बसायचं, मागं रांग आहे."