काढून घेतलेला हात

हळदीच्या एका पेठेत पूर्वी एक दलाल होता. महारुद्र त्याचे नाव. त्याचा चेहरा कोणाला वाचता येत नसे आणि त्यामुळेच पेठेत त्याला मान होता.

त्या पेठेत भाव तोंडाने बोलण्याची रीत नव्हती. हळदीच्या ढिगाभोवती माणसे उभी राहत. दलाल खांद्यावरचा रुमाल आपल्या हातावर टाकी, घेणारा त्या रुमालाखाली हात घाली आणि पुढचे सगळे बोटांनी चाले. कोणते बोट धरले, किती धरली, तळव्यावर कुठे दाबले, यावरून आकडा कळे. खेटून उभ्या असलेल्या माणसालाही काही उमगत नसे. भाव पटला की घेणारा हात घट्ट दाबी. पटला नाही की हात बाहेर काढून घेई. हात निघाला म्हणजे सौदा मोडला. मग त्यावर कोणी शब्द काढत नसे. कारण विचारणे तर हलकेपणाचे मानले जाई.

महारुद्राला ही विद्या बसलिंगअप्पांनी दिली होती. अप्पा पेठेतले सर्वांत जुने दलाल. महारुद्राचे वडील लवकर वारले, तेव्हा अप्पांनी त्याला आपल्या पेढीवर बसवले. बोटांच्या खुणा त्यांनी पुढे शिकवल्या. आधी शिकवले ते डोळे स्थिर ठेवायला आणि श्वास बदलू न द्यायला. ते म्हणत, मनातले चेहऱ्यावर आले की ते आपले राहत नाही, समोरच्याचे होते. महारुद्राने हे इतके मनावर घेतले की संध्याकाळी पेढी बंद करून जिना चढून तो वरच्या घरात जाई, तेव्हा तोच चेहरा घेऊन जाई. रुमालही खांद्यावर तसाच असे.

त्याची बायको शैला हसतमुख होती. शेजारणींना ती सांगे, "लग्नात ह्यांनी मला पसंत केलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. हात काढून घेतला नाही, म्हणजे केलंच असेल." शेजारणी हसत. आत बसलेल्या महारुद्राला हे ऐकू जाई आणि मनातून बरेही वाटे. पण तो सुपारी कातरत राही.

त्यांना एकच मुलगा होता, मन्मथ. शाळा संपल्यावर तो बापाच्या हाताखाली पेढीवर बसला. त्याची बोटे चपळ होती. खुणा त्याने चटकन उचलल्या आणि पेठेतली माणसे म्हणू लागली की हा बापाच्या वरताण निघेल. परंतु मन्मथचे मन हळदीत नव्हते. पेठेत कोणाचा वजनकाटा अडला, कोणाची मोटार बंद पडली की तो सौदा सोडून तिकडे धावे आणि काळे हात घेऊन परत येई. महारुद्र त्याच्या हातांकडे बघे आणि काही बोलत नसे. पोरगा हुशार आहे, हे त्याला कळत होते. कळले म्हणून ते बोलून दाखवायचे असते, हे मात्र त्याला कधी सुचले नाही.

एका संध्याकाळी महारुद्र गादीवर सुपारी कातरत बसला होता. मन्मथ शेजारी येऊन बसला. मग त्याने बापाच्या हातावर आपला हात ठेवला.

"अण्णा, पुण्याला एका कारखान्यात नोकरी लागली आहे. यंत्रांवरची. जाऊ का?"

महारुद्राच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. जा, तुझे हात तिकडचेच आहेत, ही एक. आणि तू गेल्यावर मी या पेढीवर कोणाच्या तोंडाकडे बघू, ही दुसरी. आणि इतक्या वर्षांत भर बाजारात कधी न हललेला त्याचा हात मुलाच्या हाताखाली थरथरू लागला. मुलाला ते कळू नये म्हणून त्याने हात चटकन काढून घेतला, अडकित्ता उचलला आणि पुन्हा सुपारी कातरायला सुरुवात केली.

मन्मथ क्षणभर बघत राहिला. तोही त्याच पेठेत वाढलेला होता. त्याने कारण विचारले नाही. तो उठला आणि त्याच आठवड्यात गेला.

त्यानंतर तो सणालाही आला नाही. दर रविवारी त्याचा फोन येई तो आईला. शैला बोलत असताना महारुद्र जिन्यापाशी उभा राहून ऐके. ती फोन त्याच्यापुढे धरी, तेव्हा तो मान हलवून सांगे की खाली गिऱ्हाईक थांबले आहे. रविवारी पेठ बंद असते, हे शैलाला ठाऊक होते आणि फोनच्या पलीकडे मन्मथलाही.

पुढे शैलाला खोकला लागला. पेठेत हळद हलवली की पिवळी धूळ उठते आणि खिडक्या लावल्या तरी वरच्या घरात येते. त्या धुळीत तिने सारा संसार केला होता. खोकला छातीत उतरला, जिना चढताना तिला दम लागू लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की या धुळीतून यांना बाहेर काढा, येथे औषध चालायचे नाही. हे कळताच मन्मथने आईला सांगितले की तू माझ्याकडे चल, मी येतो न्यायला. दिवसही ठरवला.

तो दिवस उद्यावर आला, तेव्हा महारुद्राच्या ध्यानात आले की शैला गेल्यावर या घरात फोन वाजणारच नाही. आता मुलगा येईल तो एकदाच, आणि पुन्हा यायला त्याला काही कारणच राहणार नाही. दुपारची पेठ अर्धी टाकून तो अप्पांकडे गेला.

अप्पांना आता डोळ्यांनी फारसे दिसत नसे. घरापुढच्या ओट्यावर ते उन्हात पाय सोडून बसले होते. पावलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखले आणि शेजारी जागा करून दिली.

महारुद्राने सगळे सांगितले. मग म्हणाला की अप्पा, तुम्ही मध्ये पडा, मन्मथ तुमचा शब्द मोडणार नाही. पेढी त्याच्या नावाने करू. गावाबाहेर, जिथे धूळ नाही तिथे, घर बांधू, म्हणजे शैलाही तिथे राहील. त्याला यंत्रांची आवड आहे, तर हळद दळण्याची गिरणी घालून देऊ. काय दिले म्हणजे तो परत येईल, तेवढे तुम्ही त्याच्याकडून काढून घ्या. तुमच्यासारखा हात पेठेत अजून कोणाचा नाही.

अप्पा ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी काही न बोलता महारुद्राच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

"घाल हात."

"अप्पा, मी मन्मथबद्दल बोलतोय."

"मीही त्याच्याबद्दलच बोलतोय. मला मन्मथ समज. जे द्यायचं ते हातानं सांग."

महारुद्राला हे विचित्र वाटले, पण गुरूचा शब्द म्हणून त्याने रुमालाखाली हात घातला. पेढीतला अर्धा हिस्सा त्याने बोटांनी सांगितला. अप्पांचा हात हलला नाही. त्याने पाऊण सांगितला. मग सगळी पेढी सांगितली. अप्पांचा हात लाकडासारखा पडून होता.

"झालं?" अप्पा म्हणाले. "आता त्या संध्याकाळी जे सांगायचं राहिलं, ते सांग."

महारुद्राने अप्पांचे एक बोट धरले आणि सोडले. दोन बोटे धरली, सोडली. तळव्यावर दाबले. त्यातून आकडेच निघत होते, मनातले काही नाही. त्याची बोटे त्या म्हाताऱ्या हातावर चाचपडत राहिली, जणू अंधारात कडी सापडत नसावी. आणि मग हात थरथरू लागला, त्या संध्याकाळी थरथरला होता तसाच. त्याने तो मागे घ्यायचा प्रयत्न केला. अप्पांनी मनगट पकडले. त्या वयातही त्यांची पकड पक्की होती.

"काढू नकोस."

"थरथरतोय, अप्पा."

"मला कळतंय. त्या दिवशी पोराला कळलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

महारुद्राची मान खाली गेली. अप्पांनी रुमाल बाजूला केला. दोघांचे हात उन्हात उघडे पडले, एक सुरकुतलेला आणि एक कापणारा.

"या रुमालाखाली फक्त आकडा बोलता येतो, महारुद्रा," अप्पा सावकाश म्हणाले. "'जा' म्हणायला यात खूण नाही. 'तुझ्यावाचून करमणार नाही' याला नाही. ज्यांनी ही रीत घातली त्यांना वाटलं असेल, एवढं तर माणूस तोंडानं बोलेलच. मलाही तसंच वाटलं. पेठेत तोंड मिटायला मी तुला शिकवलं. घरी गेल्यावर ते उघडायचं असतं, हेही शिकवावं लागेल, असं माझ्या मनात आलं नाही. पोरगं तुझ्याच हाताखालचं. तू हात काढलास, त्यानं समजायचं ते समजून घेतलं. कारण विचारलं नाही, कारण विचारू नये हे त्याला तूच दाखवलंस. आणि आज तू त्याला काय द्यायचं ते ठरवत बसला आहेस. त्यानं मागितलं काय होतं? 'जाऊ का', एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर तुझ्याकडे राहिलंय."

महारुद्राने विचारले, "आता उत्तर दिलं तर तो परत येईल?"

"नाही येणार," अप्पा म्हणाले. "आणि परत यावा म्हणून बोलणार असशील, तर बोलू नकोस. तोही सौदाच झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथ गाडी घेऊन आला. तो वाळला होता आणि परक्या माणसासारखा अदबीने बोलत होता. पाणी पुढे केले तर आत्ताच प्यायलो म्हणाला. आईची पिशवी, औषधे, पांघरूण त्याने स्वतः खाली नेले. शैला मधल्या खोलीत थांबून थांबून श्वास घेत महारुद्राला पीठ कुठे आहे, लोणच्याची बरणी कशी झाकायची, ते सांगत होती. तो मान हलवत होता. त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हते.

खाली पेठ भरू लागली होती. शैला गाडीत बसली. मन्मथने दार लावले आणि वाकून नमस्कार केला, जसा कोणत्याही वडीलधाऱ्याला करतात तसा. तो वळणार, तेवढ्यात महारुद्राने आपला हात पुढे केला. हात उघडा होता आणि सगळ्या पेठेला दिसेल असा कापत होता. पलीकडचे दोघे-तिघे दलाल बघू लागले. महारुद्राने हात मागे घेतला नाही.

"हा त्या दिवशी असाच थरथरत होता," तो म्हणाला. "तुला कळू नये म्हणून काढला. नाही म्हणायचं नव्हतं मला. जा, असंच म्हणायचं होतं."

मन्मथ त्या हाताकडे बघत राहिला.

"मला वाटलं, तुम्ही मला मोडीत काढलं."

"नाही रे."

"तेव्हा बोलला असता तरी मी गेलोच असतो, अण्णा. पण असा गेलो नसतो."

एवढे बोलून त्याने बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दाबला नाही, नुसता धरला. मग आईला ऊन लागेल, निघतो, असे म्हणून तो गाडीत बसला. गाडी पेठेच्या कमानीतून बाहेर पडली आणि तिच्या मागे थोडी पिवळी धूळ उठून पुन्हा खाली बसली.

त्या दिवशीही महारुद्राने सौदे केले. हात रुमालाखाली नेहमीसारखाच चालला. संध्याकाळी पेढी बंद करताना त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, आतल्या खुंटीला अडकवला आणि मग जिना चढला. वर दिवा लागलेला नव्हता. त्याने दिवा लावला आणि स्वतःहून पुण्याला फोन केला. मन्मथने तो घेतला. महारुद्राला जाणवले की येथे चेहरा दिसत नाही, हातही धरता येत नाही. बोललो नाही, तर पलीकडे काहीच पोचणार नाही.

"पोचलात का?" तो म्हणाला. पोचलो, असे उत्तर आले. मग त्याने सांगितले की भाकरी करपली. घर फार मोठे वाटते. आज जिना चढवेना. एवढे बोलून तो थांबला, तेव्हा पलीकडे मागून खोकला ऐकू आला आणि खोकल्यातून शैलाचा आवाज.

"आता बोलायलाच लागलेत, तर विचार त्यांना. लग्नात पसंत केली होती का मला?"

"केली होती," महारुद्र म्हणाला. "पहिल्याच दिवशी."



शैला त्या घरात पुन्हा राहायला आली नाही. तिची छाती सुधारली नाही आणि पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मन्मथ पेढीवर बसला नाही. अप्पांनी सांगितले होते तसेच झाले. पण रविवारचा फोन बंद पडला नाही. तो महारुद्रासाठी येऊ लागला, आणि खाली गिऱ्हाईक थांबले आहे असे महारुद्राने पुन्हा कधी सांगितले नाही.

आपणही पेढी बंद करून घरी निघतो, तेव्हा रुमाल खुंटीला अडकवला की खांद्यावरच राहिला, एवढे दारातून निघता निघता पाहून घ्यावे.