बोटीवरची चूल

इंगवल्यांच्या घरात आबांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. ग्रीसची बेटं हिंडायला आख्ख्या कुटुंबासाठी छोटी बोट ठरत होती. टूरवाल्याने आचाऱ्याचं नाव काढताच आबा गरजले, "आचारी कशाला? बायका रांधतील की! बोटीवर सगळं घरच्यासारखंच हवं!"

सुना हबकल्याच.

आबांच्या पत्नी नलूताई शांतपणे म्हणाल्या, "थापीन की मी भाकऱ्या. पण तुम्हीही घरच्यासारखंच वागायचं. न्याहारी झाली, की चपला घालून बाहेर पडायचं, ते थेट जेवायलाच परत यायचं."

आबांनी आ वासला. "अगं, बाहेर समुद्र असेल!"

"मग पोहायला शिका, नाहीतर आचारी सांगा."