यादीच्या खालची ओळ

"मग मठात आता कोणाला बंदी नाही, तेवढं सांग. म्हणजे लवकर आटपेल," निर्मळानंद स्वामी म्हणाले.

ते आपल्या खोलीत घोंगडीवर बसून शेंगा सोलत होते. शार्दूल उंबऱ्याबाहेर उभा होता.

"सिनेमांना बंदी, स्वामीजी. खेळांना बंदी. चकाट्यांना बंदी. क्रिकेटच्या..."

"क्रिकेटलासुद्धा?" स्वामींचा हात थांबला.

स्वामी पूर्वाश्रमी टेलिफोन खात्यात अभियंते. संसार सुटला, तारा सुटल्या नाहीत. कार्यालय, दवाखाना, स्वयंपाकघर, साऱ्यांचे संगणक ज्या यंत्राला जोडलेले असतात तो स्विच त्यांनीच मठात बसवला होता. आता डोळे साथ देईनात. स्विचच्या कपाटाची किल्ली आज शार्दूलला मिळायची होती. त्यासाठी तो शहरातली नोकरी सोडून आला होता, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे.

काय काय अडवायचं याची यादी त्याने सकाळी आपल्या खोलीत बसूनच स्विचवर चढवली. त्यासरशी दवाखान्याचे अहवाल अडकले, कार्यालय मुकं झालं, आचारी गणपतकाकांची दुधाची मागणी जाईना. आणि स्विच खुद्द शार्दूलच्या संगणकाला ओळख देईना.

मठात कधी नव्हे ती शांतता नांदत होती. फक्त काका ओरडत होते.

"यादीत एकही चूक नाही," शार्दूल म्हणाला. "वाईट तेवढंच अडवलंय. दवाखान्याचं तर त्यात नावच नाही! तुमचा स्विच म्हातारा झालाय."

"हं... बाकीचे मला म्हणतात."

शार्दूल ओशाळला. "कपाट उघडून थेट तार जोडावी लागेल. किल्ली हवी होती."

किल्ली स्वामींच्या मागे खुंटीला होती. स्वामी शेंगा सोलत राहिले.

शार्दूलने भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकला.

"उभा का? पाय दुखतील."

"तुम्ही आत बोलावलं नाहीत."

"येऊ नको म्हटलं का?"

"नाही."

"मग?"

"पण ये असंही नाही म्हणालात, म्हणून..."

शार्दूल उंबऱ्याकडे बघत राहिला.

"स्विच यादी वरून खाली वाचतो," तो हळूच म्हणाला. "शेवटपर्यंत नाव सापडलं नाही, तर... अडवतो. तसं लिहावंही लागत नाही."

"आणि तू काय लिहिलंस?"

"नाही, नाही आणि नाही. हो कुठेच नाही."

स्वामींनी मागे हात नेऊन किल्ली काढली आणि उंबऱ्यापलीकडे टाकली.

थोड्या वेळाने काकांचं ओरडणं थांबलं. मग शार्दूल आला आणि पुन्हा उंबऱ्याबाहेरच थांबला.

"झालं, स्वामीजी. शेवटी लिहिलं, बाकी सर्वांना येऊ द्यावं."

"क्रिकेट?"

"ती ओळ खोडली."

"गुणाचा आहेस."

शार्दूल हसला नाही. त्याने वाकून किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

"ही तुमच्याकडेच असू द्या. सगळा मठ अडवून बसलो... माझी लायकी नाही."

स्वामींनी किल्लीला हात लावला नाही. सोललेल्या दाण्यांची वाटी तेवढी तिच्याशेजारी सरकवली.

"लिहिलास आणखी एक नकार? मग याच्याखालची ओळ कोण लिहिणार?"